चावी बंद म्हणजे विश्रांती

आमच्या गल्लीत भर दुपारी अचानक शांतता पसरली की लोक ओळखायचे, बालवाडीच्या ताईंचा नवरा खेपेवरून आलाय. त्या शांततेला कारण मी होते. भंगारवाला ओरडायला तोंड उघडायचा आणि मी ओट्यावरून नुसती त्याच्याकडे बघायचे. तेवढ्यानं तो सायकल वळवून पुढच्या गल्लीत जायचा. शेजारणीचा मिक्सर, समोरच्या पोरांचा चेंडू, कुकरच्या शिट्ट्या, सगळ्यांशी माझं वैर होतं. शेजारीण एकदा चिडून म्हणाली, "ताई, तुमच्या नवऱ्यानं गल्ली विकत घेतली का?" मी म्हटलं, "नाही हो, थोडी झोप उसनी मागतेय."

माझं तोंड तसं आधीपासूनच फाटकं. कळवणकडच्या खेड्यातून लग्न होऊन नाशिकला आले ते नव्वदच्या सुरुवातीच्या वर्षांत. आडगाव नाक्याच्या अलीकडे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. नवरा सिन्नरकडचा, ट्रकवर ड्रायव्हर. पुढे मला महापालिकेच्या बालवाडीत काम मिळालं. बालवाडीत दुपारी सतरंज्या टाकून मुलांना झोपवावं लागतं. त्यात मी पटाईत. कितीही रडकं पोर असो, कपाळावरून हात फिरवला की झोपलंच. बायका म्हणायच्या, ताईंच्या हाताला झोप आहे. घरी मात्र त्या हाताचा काही उपयोग नव्हता.

हे खेपेवरून आले की झोपायचे, पण ती झोप नव्हेच. डोळे मिटलेले, जबडा घट्ट आणि उजवा पाय सारखा ब्रेक दाबतोय. माझ्या पोटरीवर त्याचे निळे डाग असायचे. आईनं एकदा माहेरी ते बघितले आणि वेगळाच अर्थ काढला. मी तिला खरं सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. मग म्हणाली, "म्हणजे झोपेत बी गाडीच चालवतो का गं?" होय, झोपेतही गाडीच चालवायचे.

रस्त्यावर डोळा लागू नये म्हणून ड्रायव्हर लोक काय काय करत. हे डोळ्यांखाली बाम लावायचे. डोळ्यांत झणझण भरून पाणी यायचं आणि झोप तासाभरापुरती पळायची. धुवायला काढलेल्या टॉवेलला बामाचा वास किती येतो त्यावरून मला कळायचं, या खेपेला माणूस कसा आलाय. कधी कधी वास इतका असायचा की मी टॉवेल भिजवून तिथेच मोरीत बसून राहायचे. आमच्या मागच्या गल्लीतला एक ड्रायव्हर असाच घोटीच्या पुढे उभ्या ट्रकवर जाऊन आदळला. ब्रेक मारल्याची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती, असं लोक सांगत होते. तेव्हापासून मला दुसरं काही मागायचंच राहिलं नाही. सोनं नको, घर नको, या माणसाला झोप मिळू दे आणि तो जिवंत घरी येऊ दे.

"वाटेत झोपत का नाही तुम्ही? लावा गाडी बाजूला," मी म्हणायचे.

"मी झोपलो तर खेप कोन करील, तू?"

पगार असा नव्हताच, खेपेवर पैसे. ड्रायव्हरनं दिवसात किती तास गाडी चालवावी याचा कायदा देशात होता म्हणे, तोही जुना. तो आमच्या ओट्यापर्यंत कधी आला नाही.

आली ती पेटी. दोन हजार साल उलटून गेलं होतं. यांच्या शेठला सिन्नरच्या एका मोठ्या कारखान्याचा माल वाहायचं काम मिळालं. कारखान्याचे मालक परदेशातले. त्यांची अट अशी की आमचा माल नेणाऱ्या प्रत्येक गाडीत तास मोजणारी पेटी पाहिजे, दमलेल्या माणसाच्या हातात आमचा माल नको. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, स्टिअरिंगच्या बाजूला बसवलेली, वर एक दिवा. दिवा हिरवा असेल तर चालवा. ठरलेले तास भरले की तो लाल व्हायचा आणि पेटी टीं टीं करून डोकं उठवायची. मग गाडी बाजूला घेऊन चावी बंद करायची. पुरेशी विश्रांती भरली की दिवा पुन्हा हिरवा. लाल दिव्यावर गाडी हाकली तर ते पेटीत उमटायचं, आणि गाडी परत आली की ऑफिसातला मुलगा वायर जोडून त्याचा कागद काढायचा. ज्याच्या कागदावर लाल निघालं तो पुढच्या खेपेला घरी बसला.

ड्रायव्हरांनी पेटीला शिव्यांची लाखोली वाहिली. त्यांच्या बायका तिला सवत म्हणायच्या, कारण ती नवऱ्याला ढाब्यावर झोपवून ठेवायची. अख्ख्या नाक्यावर पेटीची बाजू घेणारी मी एकटी. त्या वर्षी खंडेनवमीला गाडीची पूजा करायला गेले तेव्हा टायरला, स्टिअरिंगला कुंकू लावलं आणि पेटीलाही लावलं. हे म्हणाले, "अगं, त्या मशिनीत जाईल ना ते!" मी म्हटलं, "जाऊ दे. तुमचं ती ऐकत नाही, माझं ऐकते." झेंडूचं एक फूलसुद्धा मी तिच्यावर खोचून ठेवलं.

पहिले काही महिने खरोखर चांगले गेले. ते आठवले की अजून बरं वाटतं. हे वाटेत ढाब्यावर बाज टाकून झोपायचे. सुरुवातीला झोप यायची नाही, पण पडून राहायला तर मिळायचं, आणि पडून राहता राहता हळूहळू लागायलाही लागली. एकदा घरी आले, टॉवेल टाकला, मी सवयीनं नाकाला लावला, तर त्याला नुसता घामाचा आणि डिझेलचा वास. मी तो वास दोनदा घेतला. त्याच दिवशी आमची एकुलती मुलगी पडवीत अभ्यास करत होती, तिच्याकडे बराच वेळ बघून हे मला म्हणाले, "आपली पोर डावखुरी हाय व्हय?"

मुलगी तेव्हा शाळेत जायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "पहिल्यापासूनच आहे. तुम्ही आज जागे झालात." ते नुसते तिच्या हाताकडे बघत बसले.

मग त्या चांगल्या दिवसांना दृष्ट लागली. कारखान्याचा एक साहेब म्हणायचा जास्त तास चालवू नका, आणि त्याच कारखान्याचा दुसरा साहेब म्हणायचा माल ठरल्या वेळी बंदराच्या गेटवर पाहिजे, नाही तर परत न्या. इकडे आड तिकडे विहीर. गेटवर तर ट्रकांची मैलभर रांग. रांगेत गाडी घडीघडीला एक लांबी पुढे घ्यावी लागायची, म्हणून चावी चालू. पेटीला काय कळणार, ती तेही चालवण्याचे तास म्हणून मोजायची. माणूस जागच्या जागी दिवस काढायचा आणि गेट जवळ आलं की दिवा लाल. मग बाजूला हो, नंबर सोड, पुन्हा रांगेच्या शेपटीला लाग. महिन्याच्या खेपा निम्म्यावर आल्या. घरात काटकसर सुरू झाली, ती काही नवी नव्हती. नवं हे होतं की ढाब्यावर पडल्या पडल्या यांना पुन्हा झोप येईनाशी झाली. डोळे मिटले की रांग दिसते म्हणायचे.

तोड ड्रायव्हरांनीच काढली. बंदराच्या गेटासमोर रस्त्याला थोडा उतार होता. तिथे रांगेत उभं राहताना कुणीतरी चावी बंद करून टाकली आणि पुढे सरकायचं तेव्हा नुसता हँडब्रेक सोडला. गाडी आपली आपण घरंगळली, एक लांबी पुढे गेली, पुन्हा हँडब्रेक. पेटीच्या हिशेबानं चावी बंद म्हणजे विश्रांती. तिला चाकं दिसतच नव्हती. हे जेवताना ही गंमत सांगत होते, हात ताटातच ठेवून हसत होते. "पेटीला वाटतंय आम्ही झोपलोय, आन् आम्ही चाललोय पुढं!" मीही हसले. गेटावरच्या टीचभर उतारात काय बिघडणार होतं? उलट वाटलं, बरी जिरली त्या साहेबांची.

त्यानंतर खेपा पुन्हा वाढल्या. कागदावर लाल नाही. टॉवेलला बामाचा वास परत आला. मी विचारलं तर म्हणाले, "आता नाकालाच बाम लागलाय तुझ्या."

त्या उन्हाळ्यात कल्याणला माझ्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. यांची खेप त्याच बाजूला होती, म्हणून मी सकाळी सकाळी यांच्यासोबतच निघाले. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या ट्रकमधून मी लांबचा प्रवास असा केलाच नव्हता. उंच बसायचं, खाली गाड्या छोट्या छोट्या. मांडीवर बाळंतविड्याची पिशवी, मनात मजा वाटत होती. घोटी गेलं, इगतपुरी गेलं. घाटनदेवीच्या देवळापाशी सगळेच ड्रायव्हर हात जोडतात, तसे यांनीही जोडले. आणि जोडलेले हात सोडवून त्याच हातानं चावी बंद केली.

इंजिन थांबलं. गाडी थांबली नाही.

आयुष्यभर मी ज्या शांततेसाठी गल्लीशी भांडले ती मला कसारा घाटात मिळाली. कानात वारा, खाली टायरांचा आवाज, आणि ब्रेक दाबला की फुस्स करून हवा सुटल्यासारखं काहीतरी. मला आधी वाटलं गाडी बंद पडली. मी यांच्याकडे बघितलं, तर हे ओठ आवळून समोर बघत होते.

"अहो, गाडी बंद पडली?"

"नाय. पेटी झोपलीय. तू बी गप बस जरा."

मग मला कळलं. गेटावरच्या टीचभर उतारावरून हे लोक थेट घाटात पोचले होते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसा हा माणूस उताराउतारावर चोरून विश्रांती साठवत होता, आणि ती साठली की त्या जोरावर न झोपता पुढची खेप मारत होता. बाजूनं एक एस.टी. घासून गेली, तिच्यातली माणसं मला दिसली, एकजण संत्रं सोलत होता. मी ओरडले, "चावी लावा!" मी पुन्हा ओरडले. मी यांचा हातही धरू शकत नव्हते, कारण तोच हात आम्हा दोघांना खाली नेत होता. मग मी पिशवी उराशी धरून, डोळे मिटून, जेवढ्या देवांची नावं येतात तेवढी घेतली.

घाट संपल्यावर यांनी चावी फिरवली. इंजिन लागलं. दिवा हिरवाच होता. हे हसले आणि म्हणाले, "बघ, आज घाटात अर्धी झोप काढली." पण स्टिअरिंगवरचा हात उचलला तर स्टिअरिंग घामानं ओलं होतं. म्हणजे भीती यांनाही वाटत होती, आणि तरी रोज हेच चाललं होतं. ते ओलं स्टिअरिंग बघून मला जेवढा धसका बसला तेवढा घाटातही बसला नव्हता.

रस्त्याकडेला गाडी उभी करायला लावून मी भांडले. जे तोंडाला येईल ते बोलले. ही पेटी तुम्हाला झोपवायला बसवलीय, तिला फसवताय म्हणजे कुणाला फसवताय? हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "अगं, ब्रेकला हवा असती टाकीत. तेवढ्यात उतरून होतं." मी विचारलं, "आणि संपली तर?" इंजिन बंद असलं की टाकीत नवी हवा भरत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. ड्रायव्हरच्या बायकोला असल्या गोष्टी न शिकवता येतात. आणि न्यूट्रलमधली भरली गाडी उतारावर एकदा सुटली की गिअरही पडत नाही.

"संपत नाय," हे म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "मला झोपच येत नाय आता. ढाब्यावर पडून काय करू? दिवा लाल असला काय आन् हिरवा असला काय, मी तसाच जागा. निदान खेप तर व्हती."

बारशात मी काय केलं, काय खाल्लं, बाळाचं नाव काय ठेवलं, काही आठवत नाही.

मी मग जे करायला नको होतं असं नाक्यावरची सगळी म्हणाली, ते केलं. शेठच्या ऑफिसात गेले. शेठ माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, चहा मागवला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, तुमच्या मिस्टरांचं कौतुक आहे मला. एक लाल नाही कागदावर. मी बाकीच्यांना त्यांचा कागद दाखवतो."

मी म्हटलं, "शेठ, ते घाटात चावी बंद करून गाडी उतरवतात."

शेठनं कप खाली ठेवला. उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाला, "हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. ऐकलं असं धरलं तर आजच्या आज त्यांना गाडीवरून उतरवावं लागेल. मग त्यांना कुणी उभं करणार नाही. उतरवू का?"

"पण पेटी चाकं का मोजत नाही? त्यांना सांगा ना, चाकं मोजणारी बसवा म्हणावं."

"कारखान्यानं जी सांगितली ती बसवली. ती चावी बघते. त्यांना कागद स्वच्छ पाहिजे, तो आहे. उतरवू का सांगा."

मी काय सांगणार होते? होय म्हटलं तर हा माणूस घरात बसून वेडा होणार, दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. नाही म्हटलं तर रोज घाट. इतकी लाचार मी त्याआधी कधी झाले नव्हते. शेवटी म्हटलं, "तसं नाही हो शेठ, मी आपलं ऐकीव बोलले." चहा पिऊन मी परत आले.

ही गोष्ट यांच्या कानावर गेलीच. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. यांनी आवाज चढवला नाही. पडवीत बसून बूट काढता काढता म्हणाले, "माझी झोप मागाया गेली व्हतीस का नोकरी घालवाया?" मी म्हटलं, "झोपच मागायला." मी मुलीला पुढ्यात उभी केली आणि म्हटलं, हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, घाटात चावी बंद करणार नाही. यांनी हात ठेवला. "नाय करनार," म्हणाले. मुलगी हसायला लागली, तिला वाटलं काहीतरी खेळ आहे.

मी विश्वास ठेवला का? ठेवला, आणि नाहीही. प्रत्येक वेळी हे आले की मी टॉवेल नाकाला लावायचे आणि यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. हे विचारण्याआधीच म्हणायचे, "नाय करत." जास्त खोदून विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. विचारलं असतं आणि यांनी खरं सांगितलं असतं तर मी काय करणार होते?

पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. दुपारची वेळ, बालवाडीतली पोरं जेवून सतरंजीवर ओळीनं झोपली होती. मी एका पोराच्या कपाळावरून हात फिरवत होते. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. मी ओठावर बोट ठेवलं, पोरं झोपलीत म्हणून. तो म्हणाला, "ताई, बाहेर या." त्याच्या आवाजावरून मला सगळं कळलं. मी हात त्या पोराच्या कपाळावरून उचलला नाही. मला वाटत होतं, उचलला नाही तर काही झालं नाही.

घाटात ब्रेकची हवा संपली होती. समोर गाड्या होत्या. यांनी ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. दुसऱ्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं पोलीस मला पुन्हा पुन्हा सांगत होता. तेवढंच चांगलं त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं. दोन्ही पाय मोडले होते आणि डोक्याला मार होता. यांना नाशिकला सरकारी दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा हे बेशुद्ध होते.

मुलीला मी शेजारणीकडे ठेवलं आणि खाटेजवळ बसून राहिले. वॉर्डात भांडी वाजत होती, कुणीतरी कण्हत होतं, वॉर्डबॉय मोठमोठ्यानं बोलत होता, आणि हे त्या सगळ्या गलक्यात गाढ पडून होते. प्लास्टरमधला पाय ब्रेक दाबत नव्हता. जबडा सैल पडला होता. लग्नापासून मी या माणसाला असं झोपलेलं पहिल्यांदा बघत होते. डॉक्टर ही झोप नाही म्हणाले होते. तरी माझ्या मनात आलं, झोपू दे बाई, झोपू दे. असं मनात आल्याची मला लाज वाटली, पण आलं ते आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला मुलगा आला, तोच जो वायर जोडून कागद काढायचा. हातात कागद होता. बिचारा घामाघूम झाला होता. म्हणाला, शेठनं पाठवलंय, विम्याच्या कामासाठी काही गोष्टी विचारायच्या आहेत. कागदावर असं दिसतंय की अपघाताच्या वेळी चावी बंद होती. म्हणजे नोंदीप्रमाणे गाडी उभी होती आणि ड्रायव्हर विश्रांतीवर होता. कारखान्याचं म्हणणं आहे की तो कामावर नव्हता.

"म्हणजे?"

"म्हणजे... पेटीप्रमाणे ते आराम करत होते, ताई."

मी म्हटलं, "मग आराम करणाऱ्या माणसाचे पाय कुणी मोडले रे? डोंगर चालत आला का त्याच्या अंगावर?" अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. तो मुलगा कागदाची घडी घालत राहिला. मला त्याच्यावर ओरडायचं नव्हतं, पण दुसरं कुणी समोर नव्हतं. पेटीला कुंकू मीच लावलं होतं. ती माझं ऐकते, असं मीच म्हणाले होते.

तो गेल्यावर दुपारी यांनी डोळे उघडले. आधी मला वाटलं भास झाला. पण डोळे उघडे होते आणि माझ्याकडे लागले होते. मी वाकले. ओठ हलत होते. मी कान अगदी तोंडाजवळ नेला.

"हिरवा झाला का?"

हे कुठे होते, घाटात की ढाब्यावरच्या बाजेवर, मला कळलं नाही. एवढं कळलं की हिरवा झाला म्हटलं तर हा माणूस उठायला बघेल. मोडक्या पायांनी चावी शोधायला लागेल. मी कपाळावरून हात फिरवला, पोरांच्या फिरवते तसा, आणि म्हटलं, "नाही अजून. लालच आहे. झोपा तुम्ही."

"मंग ठीक हाय," हे म्हणाले. चेहरा मोकळा झाला. डोळे मिटले. पहिल्यांदाच माझ्या हाताला हे झोपले. मी कितीतरी वेळ हात हलवला नाही. मनातल्या मनात मी चक्क खूश होते.

हे पुन्हा उठले नाहीत.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. डोक्यात रक्त साकळलं होतं, तुम्ही काय बोललात आणि काय नाही यानं काडीचाही फरक पडला नसता. ते मला तेव्हाही कळलं आणि आजही कळतं. मी काही खुळी नाही. पण भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, कशाचं काही नसताना ते मनात येतंच. हिरवा झाला, उठा, असं म्हटलं असतं तर? आयुष्यभर एवढं एकच मागितलं की हा माणूस झोपू दे, आणि शेवटी ते माझ्याच तोंडून निघालं. कधी कधी वाटतं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं मी बालवाडीत परत गेले. पोट होतं, मुलगी होती, घरात किती दिवस बसणार. दुपार झाली, सतरंज्या पडल्या, पोरं आडवी झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी एकाच्या कपाळावर हात ठेवला आणि तोंड उघडलं. 'झोपा' एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो आला नाही. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा नाही. मदतनीस बाई समजूतदार. तिनं मला हळूच उठवलं आणि माझ्या जागी स्वतः बसली.

तेव्हापासून पोरांना ती झोपवते आणि मी उठवते. वेळ झाली की एकेकाचा खांदा हलवते, नाव घेऊन हाका मारते. काही पोरं पहिल्या हाकेला उठतात. एखादं उठत नाही, गाढ असतं. त्याला उचलून मांडीवर घेते, तोंडावर पाण्याचा हात फिरवते आणि त्यानं डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितल्याशिवाय त्याला खाली ठेवत नाही.